ओरखडा पांढरा का दिसतो, आणि तो घालवायचा कसा

टेबल गडद तपकिरी आहे. त्यावरून कोणीतरी कडी लागलेली बॅग ओढली, किंवा लॅपटॉपखाली वाळूचा कण होता, आणि आता मधोमध एक पांढरी रेघ आहे. तुम्ही मनात म्हणता, ‘रंग गेला.’ पण जरा थांबून विचार करा. लाकूड आतून पांढरं नव्हतं. वरचं पॉलिश तर काचेसारखं पारदर्शक होतं. मग हा पांढरा रंग आला कुठून?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. खडीसाखरेचा मोठा खडा डोळ्यांसमोर धरा, बऱ्यापैकी आरपार दिसतं. तोच खडा खलबत्त्यात कुटा, पांढरी शुभ्र पूड होते. साखर तीच आहे, आपण त्यात पांढरा रंग मिसळलेला नाही. फरक एवढाच की आता साखरेचे हजारो बारीक पृष्ठभाग झालेत आणि त्यांच्यामध्ये हवा शिरलीय. प्रकाश हवेतून साखरेत किंवा काचेत शिरताना त्यातला सुमारे चार टक्के माघारी फिरतो. एकाच गुळगुळीत पृष्ठभागावर हे कळतही नाही. पण हजारो वाकड्यातिकड्या पृष्ठभागांवर तेच घडलं की प्रकाश सगळीकडे उधळतो, सगळे रंग सारख्याच प्रमाणात, आणि डोळ्याला पांढरं दिसतं. साबणाचा फेस, बर्फाचा भुगा, मीठ, सगळीकडे हाच प्रकार.

ओरखड्यातही तेच. पॉलिशचा थर तुटलाय, कडा भुरभुरीत झाल्यात, फटींत हवा बसलीय. म्हणजे बऱ्याच वेळा रंग गेलेला नसतोच. रंग आपल्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

आता भजी बांधून आणलेला कागद आठवा. जिथे तेल लागलं तिथे कागद आरपार होतो, खालची अक्षरं दिसतात. कागदाच्या तंतूंचा अपवर्तनांक सुमारे १.५, खाद्यतेलाचा सुमारे १.४७, हवेचा १. तंतूंमधली हवा हाकलून तेल बसलं की प्रकाशाला सीमा जाणवेनाशी होते. तो सरळ जातो. लाकूडही तंतूंचंच आणि पॉलिशचा अपवर्तनांकही १.५ च्या आसपास, त्यामुळे कागदाला लागू पडतं ते टेबलालाही पडतं. घरगुती लाकूडदुरुस्तीतले निम्मे उपाय, आणि इंटरनेटवरचे जवळजवळ सगळे ‘जादूचे’ उपाय, एवढ्या एका गोष्टीवर चालतात. पॉडकास्टवर हे बोलून दाखवता येत नाही, हातात टेबल आणि ओलं बोट लागतं, म्हणून इथे लिहितोय.

तर पहिलं काम, ओलं बोट. काहीही विकत आणायच्या आधी बोट पाण्यात बुडवून ओरखड्यावरून एकदा फिरवा आणि लगेच बघा. तीन शक्यता आहेत. ओरखडा ओला असेपर्यंत गायब झाला, तर रंग शाबूत आहे, फक्त फट भरायची आहे. हे सगळ्यात सोपं प्रकरण. ओला होऊनही तो आजूबाजूपेक्षा फिकट राहिला, तर रंगाचा थर खरोखर खरवडला गेलाय आणि रंग द्यावा लागेल. आणि ओला केल्यावर तो आजूबाजूपेक्षा गडद झाला, तर पॉलिश पूर्ण फाटून कोरडं लाकूड उघडं पडलंय आणि ते पाणी पितंय. अशा ठिकाणी तेल लावलं तर तीच रेघ काळपट होऊन बसेल. तिथे आधी पॉलिशचा पातळ हात देऊन लाकडाचं तोंड बंद करायचं. बघून झालं की पाणी लगेच पुसा.

जोडीला नखाची चाचणी. नख ओरखड्यावर आडवं फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा पॉलिशच्या थरातच आहे. हा थर साधारण एक दशांश मिलिमीटरचा असतो, म्हणजे फार मोठी जागा नाहीच. नख अडकलं तर भर घालावी लागणार.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा, की समोर आहे ते लाकूड आहे का? परदेशातल्या भाड्याच्या फ्लॅटमधलं बरंचसं ‘वुडन फर्निचर’ लाकडाचं नसतं. भुसा दाबून केलेला बोर्ड आणि त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद किंवा सनमायका. ओळखायचं कसं? टेबलाच्या कडेला बघा. खऱ्या लाकडाच्या रेषा वरून कडेवर वळतात आणि टोकाला लाकडाचा छेद दिसतो. छापील पृष्ठभागावर रेषा कडेला अचानक थांबतात आणि तिथे वेगळी पट्टी चिकटवलेली असते. टेबलभर नजर फिरवली की तीच गाठ दोन-तीनदा सापडते. झाड स्वतःची नक्कल करत नाही. शेवटी खाली वाकून बघा, खालची बाजू सहसा खोटं बोलत नाही.

मधला प्रकार व्हिनियरचा. बोर्डावर किंवा साध्या लाकडावर चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा. हे खोटं लाकूड नव्हे, जुन्या काळचं उत्तमोत्तम काम व्हिनियरमध्ये झालंय. पण आजकालचा पापुद्रा बहुधा एक मिलिमीटरच्याही आत असतो. पॉलिश पेपर घेऊन जोरात घासलंत तर पाच मिनिटांत खालचा बोर्ड डोकावेल, आणि मग त्याला इलाज नाही.

छापील पृष्ठभाग घासायचाच नाही. तेल तिथे मुरणार नाही, स्पिरिट काही करणार नाही, पॉलिश पेपर फोटो पुसून टाकेल. त्यासाठी रंगाची मेणकांडी किंवा फर्निचरचं मार्कर पेन, रंग जुळवून. फिकट छटेपासून सुरुवात करा, गडद करता येतं, उलटं येत नाही. एवढंच.

खरं लाकूड किंवा व्हिनियर असेल तर पुढचा प्रश्न, वर पॉलिश कसलं आहे. इथे थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट आपल्याकडची आहे.

इंग्लंडमधल्या चॅरिटी शॉपमध्ये एखादं जुनं महोगनीचं टेबल मिळतं, लालसर, खोल चमक असलेलं. त्या चमकेला इथे ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणतात. पण ती चमक येते लाखेमुळे, आणि लाख येते मुख्यतः भारतातून, त्यातही झारखंड, छत्तीसगड या भागातून. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून, पातळ पत्र्यासारखं ताणून त्याचे तुकडे केले की झाली चपडी. हीच चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून आपल्याकडचे पॉलिशवाले कापसाच्या बोळ्याने कपाटांवर हात मारायचे. ‘स्पिरिट पॉलिश’ म्हणतात ते हेच. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या दिवाणखान्यांनी तेच केलं आणि नाव फ्रेंचांचं लागलं. इंग्रजीतला ‘लॅकर’ हा शब्दही लाखेपासून निघाला. महाभारतातलं लाक्षागृह याच पदार्थाचं, कारण तो भडकन पेटतो. आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या, पणजोबांच्या ग्रामोफोनवर फिरणाऱ्या, त्याही लाखेच्याच, दगडाची बारीक पूड मिसळलेल्या.

दुरुस्तीसाठी लाखेचा मोठा गुण असा की ती स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. शंभर वर्षांपूर्वीचा थर आजच्या नव्या हाताशी एकजीव होतो, मधे सांधा उरत नाही. पॉलियुरेथेनचं तसं नाही. ते वाळताना त्याच्या साखळ्या एकमेकींत कायमच्या गुंतून जाळं होतं, मग कोणताच साधा द्रावक ते उलगडू शकत नाही. म्हणून ते गरम कप, सांडलेलं पाणी, दारू सगळं सोसतं, पण एकदा ओरखडलं की नवा थर जुन्यावर नुसता बसतो, मिसळत नाही. टिकाऊपणा आणि दुरुस्तपणा यांचा हा सौदा आहे, आणि विसाव्या शतकात फर्निचरच्या धंद्याने टिकाऊपणा निवडला. कारखान्यातून फवाऱ्याने मारलेलं नायट्रोसेल्युलोज लॅकर या दोघांच्या मधलं, ते थिनरमध्ये विरघळतं.

ओळखण्यासाठी न दिसणारी जागा शोधा, पायाची आतली बाजू वगैरे. कापसाच्या काडीवर थोडं स्पिरिट घ्या. इंग्लंडमध्ये हार्डवेअरच्या दुकानात जांभळ्या रंगाचं मेथिलेटेड स्पिरिट मिळतं, अमेरिकेत त्याला डिनेचर्ड अल्कोहोल म्हणतात. तेही नसेल तर चाचणीपुरतं औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल. अर्धा-एक मिनिट दाबून धरा. चिकट झालं, काडीवर तपकिरी रंग आला, तर लाख. काही झालं नाही, तर लॅकर किंवा पॉलियुरेथेन. आणि पृष्ठभागाला मुळात थरच नसेल, हाताला लाकूडच लागत असेल, तर बहुधा तेल किंवा मेणाचं काम आहे.

आता प्रत्यक्ष ओरखडा. ओल्या बोटाने गायब झालेल्या बारीक ओरखड्यावर अक्रोडाचा गर घासायचा उपाय तुम्ही ऐकला असेल. तो खरा आहे, आणि का खरा आहे ते आता तुम्हाला ठाऊक आहे. तेल फटीत शिरतं, हवा बाहेर, पांढरेपणा नाहीसा. शिवाय अक्रोडाचं तेल जवसाच्या तेलासारखं ‘वाळणारं’ आहे, हवेतला ऑक्सिजन घेऊन काही आठवड्यांत थोडंफार घट्ट होतं. खोबरेल, शेंगदाणा किंवा ऑलिव्ह तेलाने त्या दिवशी ओरखडा तितकाच सुंदर लपेल, पण ही तेलं वाळत नाहीत. काही दिवसांत पुसली जातात, तोवर धूळ गोळा करतात. घरात कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर अक्रोडाचा नाद जेवणाच्या टेबलावर नकोच. मधमाशीच्या मेणाचं फर्निचर वॅक्स आणा, तेच काम होतं आणि जास्त टिकतं. सिलिकॉन असलेले चमकवण्याचे स्प्रे मात्र टाळा. सिलिकॉन लाकडात जाऊन बसतं आणि पुढे कधी नवं पॉलिश मारायला गेलात तर ते माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं पाडून मागे सरतं.

फिकट राहिलेल्या ओरखड्याला आधी रंग द्यायचा. मार्करची टोकदार निब फक्त ओरखड्यात फिरवा आणि लगेच बोटाने पुसा. रेघेच्या बाहेर गेलेला रंग निघतो, आतला राहतो. लाकडात एकच रंग नसतो, म्हणून लांब ओरखडा एका सपाट रंगाने भरला की तो आणखी उठून दिसतो. दोन छटा घ्या, लाकडाच्या रेषा जिथे गडद आहेत तिथे गडद, मधे फिकट. दोन फूट मागे सरून बघा. नाक लावून बघितलं तर सगळं दिसतं, पण पाहुणे नाक लावून बघत नाहीत.

नख अडकणाऱ्या ओरखड्यात भर घालावी लागते. आपल्याकडे याला लांबी भरणं म्हणतात. घरच्या घरी सगळ्यात क्षमाशील उपाय मेणकांडीचा. ओरखड्यात दाबून भरा, जुन्या बँक कार्डाच्या कडेने जास्तीचं मेण खरवडा, मऊ कापडाने घासा. जमलं नाही तर काढून टाकता येतं, हाच तिचा मोठा गुण. पण मेणावर दुसरं कुठलंही पॉलिश नीट चिकटत नाही, म्हणून मेण नेहमी शेवटी.

पृष्ठभाग लाखेचा असेल आणि तुम्हाला हौस असेल, तर चपडीने भरा. दहा ग्रॅम चपडी ऐंशी मिलिलिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, सकाळी जुन्या सुती कापडातून गाळा. बरणीवर तारीख लिहा, कारण विरघळलेली लाख काही महिन्यांनी बिघडते आणि मग वाळतच नाही, चिकटच राहते. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकून बघा. बारीक ब्रश घेऊन फक्त ओरखड्यात सोडा. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा. स्पिरिट उडून गेलं की थर आकसतो, म्हणून पाच-सहा हात लागतील आणि भर किंचित वर आली पाहिजे. मग एक दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ६०० नंबरचा पॉलिश पेपर छोट्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून, तेलाचा एक थेंब घेऊन, फक्त त्या उंचवट्यावर, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलं तर शंभर नवे ओरखडे पडतात, आणि तेही नेमके डोळ्यात भरणारे, कारण ते तंतू कापत जातात. शेवटी अगदी बारीक स्टील वूल आणि मेण. सगळं काम खिडकी उघडी ठेवून, गॅस बंद करून. लाक्षागृह आठवत असेलच.

पोचा म्हणजे ओरखडा नव्हे. काही जड पडून लाकूड दबलं असेल पण तंतू तुटले नसतील, तर ते बऱ्याचदा पुन्हा उठतं. लाकडाच्या पेशी चिरडलेल्या स्ट्रॉसारख्या झालेल्या असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की त्या फुगतात. ओलं, पिळलेलं सुती कापड पोच्यावर ठेवा आणि इस्त्रीचं टोक काही सेकंद टेकवा. उचला, बघा, पुन्हा. हे फक्त भरीव लाकडावर आणि तेही पॉलिश गेलेलं किंवा जाऊ देण्याजोगं असेल तिथे, कारण वाफेने लाखेचा थर पांढरट होतो. व्हिनियरखालचा डिंक उष्णतेने सुटतो, भुशाचा बोर्ड पाणी पिऊन फुगतो तो पुन्हा बसत नाही.

आणि चहाच्या कपाचा गोल? पांढरा गोल म्हणजे पुन्हा तोच प्रकाशाचा खेळ. वाफेतलं पाणी पॉलिशच्या थरात अडकलंय. कधीकधी दोन-चार दिवसांत आपोआप जातो. नाहीतर हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून, किंवा तेलात कालवलेली अगदी बारीक राख कापडाने हलके घासणं. जुन्या इंग्रज घरांत सिगरेटची राख वापरत. काळा गोल मात्र वेगळं प्रकरण. तिथे पाणी थर ओलांडून लाकडात गेलंय आणि लोखंडाशी लाकडातल्या टॅनिनची गाठ पडून काळी शाई तयार झालीय. ओकमध्ये टॅनिन भरपूर, म्हणून ओकवर स्टील वूल घासून वर ओलं फडकं फिरवणं हा काळे ठिपके पाडायचा खात्रीचा मार्ग आहे. ती शाई ऑक्झॅलिक आम्लाने निघते, पण त्यासाठी आधी पॉलिश उतरवावं लागतं आणि ते आम्ल विषारी असतं. हे काम अनुभवी माणसाकडे द्या.

आता पैशाचं बोलू, कारण बऱ्याच जणांचा ओरखडा घरमालकाच्या टेबलावर असतो. इंग्लंडमध्ये २०१९ च्या टेनंट फीज कायद्यानुसार, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. ते ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत ठेवावं लागतं. वाद झाला तर त्या योजनेकडे फुकट दाद मागता येते, आणि नुकसान झालं हे सिद्ध करायची जबाबदारी घरमालकाची असते. रोजच्या वापराने होणारी झीज तुमच्या खात्यावर टाकता येत नाही. जुन्याच्या बदल्यात नवं मागता येत नाही. समजा टेबल ३०० पौंडांचं, दहा वर्षं टिकेल असं, आणि सहा वर्षं वापरलेलं. म्हणजे पूर्ण निकामी झालं तरी मागणी १२० पौंडांच्या आसपास असायला हवी, आणि एका ओरखड्याने टेबल निकामी होत नाही. म्हणून राहायला गेल्या दिवशी टेबलाचे तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवा. टॉर्च आडवा धरला की जुने ओरखडे स्वतःच हजेरी लावतात.

घरमालकाच्या वस्तूवर मेणकांडी आणि मेण इथपर्यंत ठीक. पॉलिश पेपर आणि स्पिरिट लेखी परवानगीशिवाय नको. ओरखडा कदाचित झिजेत मोजला जाईल, पण घासून पाडलेला फिकट पट्टा नक्की नुकसानीत मोजला जाईल. जुनं, खरोखर मौल्यवान फर्निचर असेल तरीही हात आवरा. तिथे मूळ पॉलिशचीच किंमत असते.

घरून आलेला सागवानी देव्हारा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. साग मुळातच तेलकट, त्यात निरांजनाच्या तेलतुपाचा राप. काहीही लावण्याआधी व्हाइट स्पिरिटने पुसून घ्या आणि पूर्ण कोरडं होऊ द्या, नाहीतर वरचं पॉलिश धरणार नाही. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की त्याच्या सांध्यांत फटी दिसतील. तो ओरखडा नाही आणि तडाही नाही. मुंबईच्या दमट हवेत फुगलेलं लाकूड इथल्या कोरड्या खोलीत पाणी सोडून आकसतंय. त्यात लांबी भरू नका, उन्हाळ्यात लाकूड पुन्हा फुगलं की ती भर बाहेर ढकलली जाईल किंवा सांधा ताणला जाईल. देव्हारा रेडिएटरपासून लांब सरकवा.

शेवटचं काम चिंध्यांचं, आणि हे गंभीरपणे घ्या. जवसाचं तेल, डॅनिश ऑइल यांसारखी वाळणारी तेलं ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतात. टेबलावर ती उडून जाते. पण तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली की उष्णता आतच कोंडते, आणि काही तासांनी काडी न लावता ती पेटू शकते. म्हणून चिंध्या बाहेर दोरीवर किंवा कठड्यावर एकेक पसरून, कडक होईपर्यंत वाळवा. बाल्कनी नसेल तर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून, झाकण लावून ठेवा.